कोरड्या उंबऱ्यावरचा मोर

आम्ही मूळचे विट्याकडचे, सांगली जिल्हा. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायची, आणि त्या धंद्यापायी देशभर पांगलेली, कुठल्याही गावाच्या सराफकट्ट्यावर जा, एक तरी विट्याचा माणूस भट्टीपुढे डोळे चोळत बसलेला सापडेलच. आमचे आप्पा असेच चेन्नईत आले, सौकारपेठेत दुसऱ्याच्या दुकानात भट्टीवर. तिथं भाडं परवडेना म्हणून खोली घेतली अंबत्तूरला, पत्र्याची, एका तीन मजली फ्लॅट्सच्या मागच्या गल्लीत. मी तेव्हा चार वर्षांची होते, म्हणजे विटा मला आठवतच नाही खरं तर, पण कोणी विचारलं की मूळचे विट्याचे असंच सांगायचं, ते आपोआप येतं तोंडात.

तर काय सांगू दादा तुम्हाला, तुम्ही इथं अंबत्तूरात माझ्या मेसमध्ये रोज पोळी-भाजी खाता म्हणून तुम्हाला वाटतं मंगलताई जन्मल्यापासून पोळ्याच लाटते. छे हो. मी तेराव्या वर्षी पाच दारांची मालकीण होते. हसू नका. लिहून घ्या, पाच दारांची.

झालं असं की मी सातवीत असताना, दोन हजार तीन साल असेल, एक दिवस आप्पा जेवताना म्हणाले, येत्या जूनपासून मंगलला गावी आजीकडं ठेवू, तिथल्या शाळेत घालू. आईनं मान खाली घातली, म्हणजे त्यांचं आधीच बोलणं झालेलं. मी म्हटलं का, तर आप्पा म्हणाले इथल्या शाळेची फी परवडत नाही. मी म्हटलं, आणि मी भरली तर? आप्पा हसले, म्हणाले भर की, तू फी भर आणि राहा, मी कशाला नको म्हणू. ते गमतीनं बोलले. मी मात्र तो करार समजले, पक्का, सही-शिक्क्याचा. मला गावाला जायचं नव्हतं. आजी चांगली होती, पण माझ्या मैत्रिणी इथं, माझी भांडणं इथं, मला तमिळमध्ये शिव्या येत होत्या आणि मराठीत येत नव्हत्या, तिथं जाऊन करणार काय मी?

मग सुरू झाली माझी नोकरी शोधायची मोहीम. आई इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका शिलाई कारखान्यात जायची, बाहेर पाठवायच्या शर्टांना बटणं लावायची, मी तिच्या मागोमाग गेले आणि सुपरवायझरला म्हटलं मला पण घ्या, बटण मला आईपेक्षा झटपट लावता येतं. तो म्हणाला वय काय, मी म्हटलं अठरा. त्यानं माझ्या रिबिनींकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं, आणि आईनं माझा कान धरून मला थेट बसस्टॉपवर आणून सोडलं. तो कान आठवडाभर लाल होता.

म्हणजे कारखाना नाही, दुकान नाही, कुठं रीतसर घेणार नाहीत. पण पोरांना पैसे मिळायच्या वाटा असतात हो, फक्त त्या मोठ्यांना दिसत नाहीत. तेव्हा चेन्नईत पाण्याची अशी बोंब होती की नळाला तोंड लावलं तर हवा यायची. दोन दिवसाआड पाण्याची लॉरी यायची आणि पहाटेपासून रंगीत प्लास्टिकच्या कुडमांची, म्हणजे घागरींची रांग लागायची. बायकांना घरी कामं, मग मी त्यांच्या कुडमांपाशी उभी राहायचे, लॉरी आली की हाक मारायची, कुडमामागे आठ आणे. पंधरा दिवस बरं चाललं. मग एकदा मी शौर्य दाखवायला गेले, माझ्या गिऱ्हाइकांचे कुडम सरकवून सरकवून पुढं नेले, आणि ज्यांचे मागं पडले त्या बायांनी मला असं धुतलं की लॉरी न येताच माझी आंघोळ झाली.

मग फुलं. नाक्यावर एक फुलवाली होती, सेल्वी अक्का, ती पोरींना मोगरा द्यायची आणि माळ करून आणली की हाताच्या लांबीनं माप धरून पैसे. मी म्हटलं, हे तर सोपं, आई गजरा करते तो मी लहानपणापासून बघते. घरी नेला, सुई-दोरा घेतला, सगळा मोगरा छान ओवला, आणि मोठ्या ऐटीत अक्कापुढं धरला. अक्कानं तो बघितला आणि हंबरडाच फोडला, अय्यय्यो, पोरीनं फुलांना भोसकलं! इथं फूल ओवत नाहीत दादा, दोऱ्याच्या गाठीत देठ बांधतात, बोटांनीच, सुई लावली की फूल तासात काळं पडतं. त्या दिवसाचा मोगरा माझ्या अंगावर पडला, चार दिवस तिच्या फुलांवर फुकट पाणी शिंपडून फेडला.

पण शिंपडता शिंपडता मी पाहिलं की समोरच्या फ्लॅट्सच्या दारांपुढं सकाळी कोलम नीट नसतो. कोलम म्हणजे आपली रांगोळीच, पण इकडं ती रोज लागते, दार उघडलं की आधी उंबऱ्यापुढं पाणी शिंपायचं आणि कोलम घालायचा. आणि मार्गळी महिना आला, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौषाचा सुमार, की मग विचारूच नका, मोठाले कोलम, मध्ये शेणाच्या गोळीत खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल, देवळातला लाउडस्पीकर पहाटे साडेचारला सुरू, आणि गारवा म्हणाल तर आपल्याकडच्या माणसाला घाम येईल इतपत, पण इथले आजोबा माकडटोप्या घालून कुडकुडतात. अशा महिन्यात दारात कोलम नाही म्हणजे नाक कापल्यासारखं. आणि त्या फ्लॅट्समधल्या बायका घालणार कधी? तळमजल्याची विद्या अक्का शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत, पहाटे सहाला तिची बस. तिसऱ्या मजल्यावरची टीचर. पहिल्या मजल्यावर राजम मामी, त्यांचे गुडघे असे की वाकल्या तर दोघांनी मिळून उठवावं लागे.

मी गेले राजम मामींकडं आधी, कारण मला माहीत होतं, त्या फ्लॅट्समध्ये मामींनी हो म्हटलं की सगळ्यांचं हो, आणि नाही म्हटलं की देवाचंही चालत नाही. मामींनी मला वरून खाली पाहिलं. म्हणाल्या, एय मराठी पोण्णे, म्हणजे पोरी गं, तुला येतो कोलम? मी म्हटलं येतो की. येत नव्हता. मला आईची रांगोळी येत होती, रंग भरलेली, मोर, कमळ, गालिचा. मामींनी एक महिना देऊन बघू म्हटलं, आणि आठवड्यात माझी पाच दारं झाली. बायका आदल्या दिवशीच सांगून ठेवायच्या, सकाळी घरातलं कोणीतरी उंबऱ्यापुढं पाणी मारून ठेवायचं, मी पाच वाजता डबा घेऊन हजर. मोर बघून पोरं टाळ्या वाजवायची. मामी फक्त दारात उभ्या राहून म्हणायच्या, हं, रंग फार आहे. मला वाटायचं स्तुतीच केली.

एक नियम मी स्वतःला घातला होता, एकही दिवस चुकवायचा नाही. ताप असो, काही असो. कारण जून जवळ येत होता ना, आणि आप्पांनी गावाकडच्या शाळेची चौकशी केल्याचं मी ऐकलं होतं. पाचातलं एक दार गेलं तरी माझं चेन्नई गेलं, असं माझं गणित.

आणि उजाडली पहिली जानेवारी. इंग्रजी नव्या वर्षाला इथं रंगाचे मोठे कोलम काढतात, मी आठवडाभर तयारी केलेली. चार दारं झटपट उरकली आणि सगळ्यात मोठं चित्र मामींसाठी राखून ठेवलं. वर गेले तर मामींचा उंबरा कोरडा. पाण्याचा थेंब नाही. आता इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं की उंबरा कोरडा म्हणजे आज कोलम नको, पुढं जा. मला कुठून कळणार? मी म्हटलं मामींचे गुडघे दुखत असतील, विसरल्या असतील. धावत घरी गेले, आईनं जपून ठेवलेल्या पाण्यातून तांब्याभर पाणी चोरलं, त्या दिवसांत पाणी चोरणं म्हणजे दागिना चोरणं, ते मामींच्या दारात शिंपलं आणि असा मोर काढला दादा, असा मोर, पिसारा जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत, सात रंग, आणि खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत हॅपी न्यू इयर.

साडेआठला वॉचमन आला, मामी बोलावतात. मला वाटलं बक्षीस. मी वेण्या घातल्या, नवी रिबीन लावली, पावडर लावली आणि गेले.

जिन्यात बघते तर काय! दोन भटजी, वाध्यार म्हणतात त्यांना, एक वरून दुसऱ्या पायरीवर, एक तिसऱ्या, धोतरं वर धरून असे बगळ्यासारखे उभे, पाय कुठं ठेवावा कळेना, कारण पुढं सगळा मोर. वर दारात मामींचा मुलगा रामू अण्णा, बँकेत मोठा साहेब, ओल्या अंगानं, ओलं धोतर, डोळे लाल. त्या दिवशी त्याच्या वडिलांचं श्राद्ध होतं. तिथीनं येतं ना, त्या वर्षी नेमकं एक जानेवारीला पडलं. आणि श्राद्धाच्या घरी सकाळी कोलम घालत नाहीत, सगळं आटोपल्यावर घालतात. आमच्याकडं आपलं पितृपक्षात म्हाळ घालतात, गावी, सगळ्यांचा एकदाच, वर्षाच्या मध्येच कोणाच्या दारी श्राद्ध असेल हे माझ्या डोक्यात कुठून येणार? माझ्या डोक्यात सात रंग होते फक्त.

रामू अण्णा ओरडला. काय ओरडला ते सांगत नाही, श्राद्धाच्या दिवशी बोलू नये ते सगळं बोलला. म्हणाला, आजपासून या बिल्डिंगमध्ये पाय ठेवलास तर बघ, पाचही दारं बंद, मी सांगतो सगळ्यांना. मला मोर दिसेना, भटजी दिसेनात, मला आजीचं अंगण दिसायला लागलं.

तेवढ्यात आतून मामींचा आवाज. त्या सोवळ्यात स्वयंपाकाला, बाहेर येता येईना. म्हणाल्या, रामू, तू आत ये. पोरी, तू पूस. मी बादली घेतली आणि पुसायला बसले. आता तांदळाचं पीठ असतं तर एका पाण्यात गेलं असतं, माझी होती दगडी पावडर आणि बाजारचे रंग, पांढरं गेलं, निळं गेलं, गुलाबी जाईना. घास घास घासलं. शेवटी वाध्यारांनीच म्हटलं राहू दे आता, आणि दोघं त्या गुलाबी डागावरून टुणकन उडी मारून आत गेले. मामी आतून म्हणाल्या, जिन्यात बस, मी सांगितल्याशिवाय हलायचं नाही.

मी बसले. नऊ वाजल्यापासून. आत मंत्र चाललेले, बाहेर माझे हात गुलाबी. वरून टीचर उतरली, म्हणाली काय गं, काय झालं, दार ओलं कसं? मी तोंड उघडायच्या आत मामी आतून, पाणी सांडलं. बस, एवढंच. टीचर गेली. मी विचार करत बसले, की ही बाई मला वाचवते की दुपारपर्यंत राखून ठेवून नंतर खाते?

दोन वाजता वाध्यार जेवून बाहेर आले, तृप्त. धाकटा वाध्यार माझ्यापाशी थबकला, मागं वळून बघितलं कोणी ऐकत नाही ना, आणि हळूच म्हणाला, मयिल नल्ला इरुंदुदु, मोर झकास होता हां. आणि पळाला.

मग मामी आल्या, प्लास्टिकची खुर्ची दारात ठेवून बसल्या, माझ्या हातात तांदळाच्या पिठाची वाटी दिली. म्हणाल्या, आता घाल. रंग नाही. सात ठिपके, आणि त्याभोवती एकच रेघ, तुटायची नाही. मी घातला. तुटली. पूस. परत घातला. परत तुटली. चौथ्यांदा जमला तेव्हा मामींनी मला दोन केळी दिली आणि विचारलं, उंबरा कोरडा दिसला तरी घरून पाणी आणून कोलम घातलास, एवढं काय अडलंय तुझं? मला रडू फुटलं, केळं तोंडात, तसंच सगळं सांगून टाकलं. फी, आप्पा, करार, जून. मामी म्हणाल्या, रविवारी बापाला घेऊन ये.

रविवारी आप्पा आले, धुतलेला शर्ट, हात भट्टीनं काळे ते मागं लपवलेले. आप्पांचं तमिळ म्हणजे सोनाराच्या दुकानातलं, त्यांना सोनं, चांदी, आज नाही उद्या, एवढंच यायचं. मग दुभाषी कोण? मी! माझा खटला, आणि वकील मीच, दोन्ही बाजूंनी. मामी तमिळमध्ये म्हणाल्या, पोरीकडून फी भरून घेता, लाज वाटत नाही? मी आप्पांना मराठीत सांगितलं, मामी म्हणतात पोर फार हुशार आहे. आप्पा म्हणाले, त्यांना सांग, झाल्या गोष्टीची माफी मागतो, पोरीला जूनमध्ये गावी पाठवणार आहे, परत त्रास होणार नाही. मी मामींना तमिळमध्ये सांगितलं, आप्पा म्हणतात आता पोरीला कुठंच पाठवत नाही.

मामी आप्पांकडं वळल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, अहो, ही मुलगी खोटं बोलते.

दादा, मला वाटलं जमीन फाटावी. त्यांचे यजमान लष्कराच्या कारखान्यात होते, सात वर्षं खडकीला काढलेली, मंडईत भाजी घेऊन घेऊन मामी मराठी शिकलेल्या, गंजलेली होती पण धार होती. मी म्हटलं मामी, तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, मी मराठी बोलले असते तर तू तमिळ नीट बोलली असतीस का?

आणि मग गंमत बघा. मी मधून बाजूला झाले आणि आप्पांचं तोंडच उघडलं. परक्या गावात आपल्या भाषेत विचारणारं वडीलधारं माणूस भेटलं होतं त्यांना. म्हणाले, मामी, फीचं काही नाही हो, फी मी पोटाला चिमटा घेऊन भरीन. शाळा साडेतीनला सुटते, हिची आई सातला येते, मी नवाला. शेजारच्या खोल्यांमध्ये सगळे एकटे पुरुष, नवे नवे. पोर आता मोठी व्हायला लागली. हे तिला कसं सांगू? म्हणून फीचं सांगितलं.

मी खाली बघत होते. तीन महिने मी पहाटे उठले, मार खाल्ला, फुलं भोसकली, आणि अडचण ती नव्हतीच.

मामी म्हणाल्या, हात्तिच्या. शाळा सुटली की इथं येईल. अभ्यास इथं, चहा इथं, आई आली की घरी. रामू अण्णा आतून खाकरला. मामी त्याला तमिळमध्ये म्हणाल्या, तू ऑफिसात असतोस, तुला कुठं दिसणार आहे ती?

पण फुकट काही नव्हतं हां, मामी पक्क्या. अट घातली की कोलमची दारं फक्त मार्गळी संपेपर्यंत, पोंगल झाला की बंद, आणि मामींच्या दारातला कोलम वर्षभर मीच घालायचा, बिनपैशांचा. मी म्हटलं हे कसं? म्हणाल्या, शिकवणीची फी. बघा, कमवायला गेले आणि फी देऊन आले. जमलेल्या पैशांतून आईनं मला स्वेटर घेतला, पहाटेच्या थंडीसाठी. चेन्नईत स्वेटर! दोन वर्षं घातला मी, घाम गाळत.

मी गावाला गेले नाही. दहावी झाली, बारावी झाली, लग्न इथंच झालं, त्याच अंबत्तूरात. मामी गेल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. परवा माझी लेक म्हणाली, आई, मला पण काहीतरी कमवायचंय. बारा वर्षांची आहे. मी आधी विचारलं, कशासाठी? म्हणाली, सांगणार नाही. मी लाटणं खाली ठेवलं आणि तिच्याजवळ बसले. अर्ध्या तासानं सांगितलं तिनं. काय ते तुम्हाला नाही सांगणार, लिहून घेताय तुम्ही.

आणि आप्पा-आई? गेली ना परत विट्याला, सहा वर्षं झाली. मला पाठवणार होते ते स्वतःच गेले. दर रविवारी फोन, मंगल, तू कायमची कधी येतेस? मी म्हणते, बघू, जूनमध्ये. ते हसतात. सुखी राहोत बिचारे तिथं, मी इथं बरी आहे. चला, वही मिटा, भात निवला, तुमचं पोट भरलं की माझा दिवस भरला.